रावळगावची गोळी, ओझरचं विमान

जुन्या नाशकात आमचं लहानपण गेलं. ईदीची नाणी हातात पडली, की आम्ही पोरं गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानाकडे धावायचो. फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. त्यातली एक रावळगावच्या गोळ्यांची. गोळी विरघळून गेली तरी तिचा कागद आम्ही टाकत नसू. वहीच्या पानांत जपून ठेवायचो. त्या कागदावरचं नाव वाचून एकदा मी अब्बांना विचारलं, हे रावळगाव कुठं आहे? ते म्हणाले, आपल्याच जिल्ह्यात, मालेगावजवळ. जी गोळी सगळीकडे खाल्ली जाते, ती आपल्या जिल्ह्यात होते, याचा त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता!

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी वाचली आणि ती बरणी डोळ्यांपुढे उभी राहिली. रावळगाव शुगर फार्म या कंपनीनं पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक अशा आपल्या गोळ्यांची व्यापारचिन्हं, त्या बनवण्याच्या कृती आणि त्यांवरचे सगळे हक्क रिलायन्स उद्योगसमूहातल्या एका कंपनीला २७ कोटी रुपयांना विकले. जमीन, इमारती आणि यंत्रं मात्र विकली नव्हती. ती जुन्या मालकांकडेच राहिली. म्हणजे गेलं ते फक्त नाव आणि चव. एका मोठ्या उद्योगघराण्याची कथा या व्यवहारापाशी येऊन थांबली, असं तेव्हा अनेकांना वाटलं. ती खरंच थांबली का, हे पाहायचं तर शंभर वर्षं मागं जायला हवं.

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातमधलं, जैन, पण सोलापुरात कायमचं स्थिरावलेलं. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. वालचंदांचं मन त्यात रमेना. कॉलेज अर्धवट सुटलं आणि रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागी करून ते ठेकेदार झाले. रेल्वेची कामं, नियम, दरपत्रकं याची खडान्‌खडा माहिती फाटकांना होती. भांडवल आणि धाडस वालचंदांचं होतं. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली. पुढं बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणारी नळवाहिनी, अशी कामं त्यांनी केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

पहिलं महायुद्ध संपताच वालचंदांनी समुद्रावर नजर टाकली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडची एक आगबोट विकाऊ होती. ती त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांबरोबर घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली. आज तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सिंदिया कंपनीच्या बोटी चालू लागताच इंग्रज कंपन्यांनी भाडी इतकी खाली आणली, की देशी कंपनीला तग धरणं कठीण व्हावं. अखेर १९२३ मध्ये सिंदियाला किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरतं राहण्याचा करार करावा लागला. पण कंपनी बुडाली नाही. याआधी अनेक देशी कंपन्या अशाच भाडेयुद्धात बुडाल्या होत्या, हे लक्षात घेतलं म्हणजे या तग धरण्याची किंमत कळते.

याच काळात ते आपल्या जिल्ह्यात आले. रावळगावला सुमारे दीड हजार एकर खडकाळ, पडीक जमीन त्यांनी घेतली. ठेकेदारीत दगड फोडण्याचा सराव होताच. इथं दगड काढून माती तयार करायची होती. शेतीतज्ज्ञ नेमले, नवी अवजारं आणली आणि दहाएक वर्षांच्या खटपटीनंतर त्या माळावर ऊस डोलू लागला. १९३२ मध्ये सरकारनं कायदा करून परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली. देशात भराभर कारखाने निघाले. रावळगावचा कारखाना १९३३ चा. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं तेही याच सुमारास. मग १९४२ मध्ये रावळगावात गोळ्या होऊ लागल्या. साखर पोत्यानं विकली तर सगळ्यांची साखर सारखीच. तिची गोळी करून कागदात गुंडाळली, की तिला नाव मिळतं आणि नावाला भाव मिळतो.

रावळगावच्या गोळ्या बाजारात येत होत्या, त्याच सुमारास वालचंद विमानंही बांधायला निघाले होते. १९३९ मध्ये परदेश प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. बोलता बोलता हिंदुस्थानात विमानाचा कारखाना काढायचं ठरलं. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी पाठबळ दिलं आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिथं जुळवलेलं पहिलं विमान आकाशात गेलं. पण युद्ध पेटलेलं होतं. संरक्षणाचं कारण देऊन सरकारनं १९४२ मध्ये मोबदला देऊन कारखाना ताब्यात घेतला. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना काढला. १९४१ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसादांनी त्याची पायाभरणी केली. तिथं बांधलेलं 'जल उषा' हे जहाज १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. १९५२ मध्ये त्याचीही बहुतेक मालकी सरकारकडे गेली. १९४४ मध्ये स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी मात्र घराण्याकडेच राहिली. तिच्या पद्मिनी गाडीनं मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद वारले. मागं मुलगा नव्हता. कारभार भावांकडे आणि पुढं पुतण्यांकडे आला. गुलाबचंदांच्या शाखेकडे बांधकाम, लालचंदांच्या शाखेकडे मोटारी, अशा वाटण्या होत गेल्या. एका छत्रीखालचे उद्योग आपापल्या वाटेनं निघाले. शेतीच्या वाटण्या आपण घरोघरी पाहतो. दहा एकरांचे पाच वाटे झाले, की विहीर एकाकडे, बैलजोडी दुसऱ्याकडे आणि बांधावरचा आंबा तिसऱ्याकडे जातो. कारखान्यांचंही असंच होतं. एकत्र असताना साखरेचा नफा जहाजाच्या तोट्याला टेकू देतो. वेगळं झाल्यावर प्रत्येकाला आपल्याच पायांवर उभं राहावं लागतं. काही उभे राहिले. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला, तो याच हिंदुस्थान कन्स्ट्रक्शननं बांधला. वालचंदनगरला साखरेच्या जोडीला यंत्रं होऊ लागली आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही तिथं घडले. काही खचले. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

गोळीचं दुखणं आणखी वेगळं आहे. तिची किंमत नाण्याला बांधलेली असते. तेल, डाळ, साबण यांचा भाव थोडाथोडा चढवता येतो. एक रुपयाची गोळी एक रुपया दहा पैशांना कशी विकणार? एकदम दोन रुपये करावे, तर पोर शेजारची गोळी उचलतं. साखर, वीज, मजुरी सगळं महागत जातं आणि गोळी मात्र त्याच नाण्यात अडकते. ते नाणंही कधी बंद होतं. २०११ मध्ये चार आणे चलनातून गेले. त्यात एका बाजूला मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती आणि दुसऱ्या बाजूला गल्लीबोळांतल्या स्वस्त गोळ्या. रावळगावचा साखर कारखाना आधीच दुसऱ्या हाती गेला होता. मग गोळ्यांची नावंही गेली. यात कुणी लबाडी केली असं नाही. व्यापारात असं घडतं.

तरीही एक गोष्ट मनाला टोचते. कागदावरचं 'रावळगाव' हे नाव एका गावाचं आहे. त्या माळावरचे दगड वेचणाऱ्यांनी, तिथं ऊस तोडणाऱ्यांनी, गोळ्या कागदात बांधणाऱ्यांनी ते गोड केलं. कायद्याच्या नजरेत ते व्यापारचिन्ह आहे आणि त्याची मालकी बदलू शकते. गोळी आता कुठंही होऊ शकते. नाव विकताना गावाला कुणी विचारत नाही, कारण विचारावं असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

ओझरची गोष्ट याच्या उलट आहे. १९६३ मध्ये मिग-२१ विमानं देशात बांधण्यासाठी सरकारनं एक वेगळी कंपनी काढली आणि तिच्या कारखान्यांसाठी निवडलेल्या जागांत आपलं ओझर होतं. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती कंपनी आणि बंगळुरूची जुनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट एकत्र होऊन आजची 'एचएएल' झाली. मिग गेली, सुखोई आली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेल्या तेजस मार्क-१ए विमानानं आकाश गाठलं. ते पाहणाऱ्या किती जणांना वालचंदांचं नाव आठवलं असेल? कारखान्याच्या फाटकावर ते नाही. पण बंगळुरूला त्यांनी रोवलेल्या रोपाचीच ही फांदी आहे, आणि तिच्या सावलीत नाशिक जिल्ह्यातल्या हजारो घरांच्या चुली पेटल्या.

म्हणून घराण्याची मोजदाद करताना घरात काय उरलं एवढंच पाहू नये, असं मला वाटतं. जे हातातून काढून घेतलं गेलं तेच इथं जास्त टिकलं, आणि जे घरात जपलं गेलं त्यातलं बरंच विकावं लागलं. रावळगावचं नाव गावाबाहेर गेलं, ओझरला नावाशिवाय काम राहिलं. माझ्यापुरतं विचाराल, तर पोरांच्या हातात गोळी देताना एवढं तरी सांगत जावं, की बाळा, हे एक गाव आहे, आपल्याच जिल्ह्यात, मालेगावजवळ. अब्बांनी मला सांगितलं होतं, तसंच.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)