जलझोत नौकेचे वेगनियंत्रण
एंजिनाची थ्रॉटल झडप आपोआप कमीजास्त उघडून जलझोत नौकेचा (जेट बोटीचा) वेग ठरविलेल्या मूल्यावर स्थिर राखणाऱ्या व्यवस्थेस वेगनियंत्रण प्रणाली म्हणतात. इलेक्ट्रॉनिक झडप असलेल्या पुष्कळ नव्या नौकांत ही सोय मूळ बांधणीतच असते. तारेने झडप ओढल्या जाणाऱ्या जुन्या नौकांत मात्र ती स्वतंत्रपणे विकत घेऊन बसवावी लागते. अशी प्रणाली निवडताना प्रचालक (पाण्यात फिरणारा मळसूत्री पंखा) असलेल्या नौकांवरील अनुभव जसाच्या तसा लागू पडत नाही.

उथळ व खडकाळ नद्यांत चालू शकेल अशी जलझोत नौका न्यूझीलंडमधील अभियंते विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) यांनी १९५४ च्या सुमारास यशस्वी करून दाखविली. तीत तळाच्या जाळीतून पाणी आत घेतात, पंखाचक्राने त्याचा दाब वाढवितात आणि ते मागील प्रोथातून (निमुळत्या तोंडातून) वेगाने बाहेर फेकतात. तळाखाली प्रचालक वा सुकाणू नसल्यामुळे वेगात असताना तिला काही सेंमी. पाणी पुरते. सर एडमंड हिलरी यांनी १९७७ मध्ये गंगेच्या मुखापासून प्रवाहाविरुद्ध केलेला प्रवास अशाच नौकांतून झाला. नंदप्रयागच्या परिसरातील धबधब्याने तो थांबविला. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात मोटारगाडीचे मोठे आठ सिलिंडरी एंजिन व बर्कली बनावटीचा पंप यांची जोडी लोकप्रिय झाली. अशा नौकांवर जलस्कीईंग करू पाहणाऱ्यांना वेगनियंत्रणाची उणीव विशेष जाणवते.

जलस्कीईंगमध्ये थोडासा वेगबदलही खेळाडूच्या तोलावर परिणाम करतो. स्लालम प्रकारात २५९ मी. लांबीचा मार्ग ताशी ५८ किमी. वेगाने १६·०८ सेकंदांत संपतो. खेळाडू बाजूस झेपावला की दोराचा ताण एकदम वाढून नौका मंदावते व तो मध्यावर आला की ती उसळते. हातात दांडा धरून ही चढउतार भरून काढणे निष्णात चालकासही कठीण जाते. कॅनडातील नोव्हास्कोशिया येथील परफेक्टपास कंपनीच्या प्रणालींमुळे १९९० नंतरच्या दशकात या कामी यंत्राची मदत रूढ झाली.

प्रारंभीच्या प्रणाली प्रामुख्याने एंजिनाची परिभ्रमण गती स्थिर राखीत. प्रचालकाच्या नौकेत हे बऱ्याच अंशी चालते. ओढ वाढून नौका मंदावली की प्रचालकावरील भार वाढतो, एंजिन दबते, नियंत्रक झडप अधिक उघडतो आणि रेटा वाढतो. जलझोत नौकेत पंखाचक्र बंदिस्त नळीत फिरते. त्याला लागणारी शक्ती मुख्यतः त्याच्याच परिभ्रमण गतीवर अवलंबून असून नौकेच्या वेगाशी तिचा संबंध अल्प असतो. त्यामुळे नौका मंदावली तरी एंजिनाला त्याची फारशी जाणीव होत नाही व नियंत्रकालाही होत नाही. झडप एका जागी धरून ठेवली तरी या नौकेतील एंजिनाची गती जवळजवळ स्थिरच राहते; म्हणजे निव्वळ परिभ्रमण नियंत्रक घेणे हे नौकेत मुळातच असलेला गुण विकत घेण्यासारखे आहे. वापरलेले जुने संच स्वस्त मिळतात, पण त्यांतील पुष्कळ याच जातीचे असल्याने ही बाब खरेदीपूर्वी तपासणे अगत्याचे ठरते.

मोटारगाडीतील निर्वातावर चालणारा वेगनियंत्रक तर त्याहूनही गैरसोयीचा. तो चालक दंडाच्या फेऱ्यांवरून वेग ओळखतो, आणि या नौकेत दंड सामान्यतः एंजिनाशी थेट जोडलेला असतो. शिवाय जास्त भाराच्या वेळी, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी, निर्वात क्षीण होतो.

यास्तव नौकेचा प्रत्यक्ष वेग मोजून त्यानुसार झडप हलविणारी प्रणाली आवश्यक ठरते. पाण्यात फिरणाऱ्या लहान चक्राने वेग मोजता येतो, परंतु ते झोताजवळ असल्यास खळबळीने व बुडबुड्यांनी मापन बिघडते आणि शोषजाळीपुढे असल्यास आत जाणारा प्रवाह विस्कळीत होतो. उपग्रहांवर आधारित जीपीएस ग्राहकाला ही अडचण नाही. अमेरिकेने नागरी संदेशांतील हेतुपुरस्सर त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकल्यावर ही पद्धत अधिक विश्वसनीय झाली. तथापि जीपीएस जमिनीसापेक्ष वेग देते. सरोवरात त्याने बिघडत नाही; नदीत मात्र ताशी ८ किमी. प्रवाहाबरोबर जाताना ताशी ३० किमी. वेग ठरविल्यास पाण्यासापेक्ष वेग २२ किमी.च राहतो. एवढ्यावर नौका पृष्ठभागावरून खाली बसून उथळ तळावर आपटू शकते.

नियंत्रकाचा सर्व्होमोटर सामान्यतः झडपेच्या तारेच्या मार्गात बसवितात. त्यासाठी झडपेचा एकूण फेर, तारेच्या टोकांची जात व विद्युत् दाब आधी पाहावा लागतो. प्रज्वलन वेटोळ्यावरून मिळणारे स्पंदही जुळवावे लागतात. चार धावांच्या आठ सिलिंडरी एंजिनात ते प्रत्येक फेऱ्यास चार असतात. एंजिनकक्षात पेट्रोलची वाफ साचत असल्याने तेथील प्रत्येक उपकरण ठिणगी बाहेर न पडू देणारे, नौकेसाठीच बनविलेले असणे अपरिहार्य आहे.

परिभ्रमण गतीची कमाल मर्यादा घालण्याची सोयही हवी. तीव्र वळणावर जाळीतून हवा आत शिरली की पंखाचक्र भारमुक्त होऊन एंजिन बेफाम फिरते आणि त्याच वेळी वेग घटल्याचे पाहून नियंत्रक झडप आणखी उघडू लागतो. याच्या उलट प्रसंग अधिक धोक्याचा असतो. जलझोत नौका झोताची दिशा बदलून वळते. झडप बंद होताच झोत मंदावतो व नौका वळेनाशी होते. पुढ्यात पोहणारा दिसल्यावर ब्रेक दाबल्यासारखी झडप बंद करण्याची चालकाची सहजप्रवृत्ती येथे घातक ठरते. म्हणून वेग मर्यादेबाहेर गेल्यास झडप एकदम मिटविणारी प्रणाली टाळतात. दांडा मागे घेताच नियंत्रण चालकाकडे यावे, पण रेटा हळूहळू उतरावा, अशी तिची जुळणी असावी लागते. विद्युत् पुरवठा तुटल्यास सर्व्होमोटर झडप कोणत्या स्थितीत सोडतो, याची चाचणी नौका धक्क्यास बांधलेली असताना व एंजिन बंद ठेवून घेतात.