जुन्नरच्या डोंगरातला सातबारा

सुट्ट्या लागल्या, की पुण्या-मुंबईहून अष्टविनायकाच्या गाड्या जुन्नरकडे धावू लागतात. लेण्याद्रीच्या पायथ्याशी त्यांची रांग लागते. भाविक तीनशेच्या आसपास पायऱ्या चढतात, गिरिजात्मजाचे दर्शन घेतात, खाली उतरतात आणि पुढच्या गणपतीला निघून जातात. आपण ज्या प्रशस्त दगडी सभागृहात उभे होतो ते कोणी कोरले, कोणासाठी कोरले, त्याच्या तिन्ही बाजूंना असलेल्या वीस खोल्यांत कोण राहात होते, हा प्रश्न शंभरातल्या किती जणांना पडतो? प्रश्नच पडू नये अशी व्यवस्था शेकडो वर्षे चालत आली आहे!

ज्याला आज मंदिर म्हणतात ते लेण्याद्रीचे क्रमांक ७ चे लेणे आहे. तो भिक्खूंचा विहार आहे. मधल्या सभागृहात एकही खांब नाही, भोवती भिक्खूंच्या खोल्या आहेत. त्याच्या शेजारचे क्रमांक ६ चे लेणे हे चैत्यगृह. आत स्तूप आहे, खांबांच्या रांगा आहेत आणि बाहेर ब्राह्मी लिपीत लेख आहे. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दान दिल्याचे तो लेख सांगतो. म्हणजे दात्याचे नाव आहे, त्याच्या बापाचे नाव आहे, गावाचे नाव आहे. आपल्या तलाठ्याने केलेली नोंदसुद्धा इतकी स्पष्ट असेलच असे नाही.

आम्ही काही वकील मित्र आणि चळवळीतले कार्यकर्ते दोन दिवस जुन्नर परिसरात फिरलो. जुन्नर हा तालुक्याचा साधा गाव. भाजीपाल्याचा बाजार, एस.टी. स्टँड, शाळा-कॉलेजे, वर शिवनेरी. पण या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. एवढी लेणी एका गावाच्या कुशीत असलेले दुसरे ठिकाण भारतात सापडणे कठीण. उत्तरेला लेण्याद्री, दक्षिणेला मानमोडी, पश्चिमेला शिवनेरी आणि त्याच्या पलीकडे तुळजा लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत हे काम चालू होते. कोकणातून नाणेघाट चढून आलेला व्यापारी माल या गावातून पुढे प्रतिष्ठानकडे, आजच्या पैठणकडे, जात असे. त्या वाटेवर भिक्खूसंघ होता.

इथे आलेले आपले लोकही कधी कधी विचारतात, "बुद्ध कुठे आहेत? मूर्ती तर दिसत नाही." उत्तर सोपे आहे. ही लेणी कोरली त्या काळात पश्चिम भारतात बुद्धमूर्ती घडवण्याची प्रथा रुजलेली नव्हती. स्तूप हेच तथागतांचे प्रतीक होते. म्हणून येथे बुद्ध मूर्तीत शोधायचा नाही. तो स्तूपात, भिक्खूच्या दगडी बाकात, पाण्याच्या पोढीत शोधायचा. तुळजा लेण्यातले गोल चैत्यगृह पाहावे. मध्ये स्तूप, भोवती बारा खांबांचे कडे, वर घुमटाकार छत. भारतात अशी रचना फार थोड्या ठिकाणी आहे. पण लोक तिथे येतात ते शेजारच्या खोलीतल्या तुळजाभवानीसाठी आणि लेण्यांनाही नाव मिळाले आहे ते देवीचेच.

या परिसरातले तीसहून अधिक शिलालेख अभ्यासकांनी वाचले आहेत. हे लेख वाचायला सुरुवात झाली इंग्रजी अमदानीत. त्या पिढीत चर्चचे पाद्रीही होते. जॉन स्टीव्हन्सन आणि जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी पश्चिम भारतातल्या लेण्यांचा अभ्यास करीत होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये लेण्यांतील लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. ज्या देशात लिहिण्या-वाचण्याचा मक्ता एका वर्णाकडे होता, त्या देशात हे दगडावरचे अक्षर इतकी शतके कोणी वाचू नये, याचा अर्थ काय? ज्यांना वाचता येत होते त्यांना गरज नव्हती आणि ज्यांची गरज होती त्यांना अक्षरबंदी होती.

आता हे लेख काय सांगतात ते पाहा. चित नावाच्या यवनाने शिवनेरीच्या लेण्यांत संघासाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. परदेशातून आलेला माणूस येथे म्लेंच्छ ठरला नाही. तो दाता झाला, भिक्खूंच्या जेवणाची जागा त्याच्या दानातून उभी राहिली. मानमोडीवर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा लेख आहे, त्यावर ४६ हे वर्ष कोरलेले आहे. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. एका लेखात धम्मोत्तरीय पंथाच्या भिक्खुणींच्या शहरातील निवासाचा उल्लेख आहे. स्त्रियांना संघात जागा होती, शहरात त्यांचे स्वतःचे घर होते आणि त्याची दगडावर नोंद झाली.

आमच्या वकिली डोळ्याला सर्वांत भावले ते जमिनीचे आणि ठेवीचे लेख. अडुथुम नावाच्या शक उपासकाने दिलेल्या जमिनीचा लेख मानमोडीवर आहे. करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने, वडाच्या झाडासाठी नऊ निवर्तने, शिवाय त्या जागांची नावे. क्षेत्र आहे, ठिकाण आहे, हेतू आहे. हा सातबारा नाही तर काय आहे? दुसऱ्या एका लेखात संघासाठी श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीची आणि दरमहा मिळायच्या रकमेची नोंद आहे. त्या श्रेणी कोणाच्या? एक काशाची भांडी करणाऱ्या कासारांची आणि दुसरी बांबूकाम करणाऱ्यांची.

बांबूकाम करणारे! सूप, टोपली, डाली विणणारा बुरूड समाज आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. ज्यांच्या धंद्याला पुढे हलके ठरवले गेले, त्याच धंद्यातल्या कारागिरांची संघटना दोन हजार वर्षांपूर्वी या गावात बँकेसारखी ठेवी सांभाळत होती आणि भिक्खूसंघ तिच्यावर विश्वास ठेवत होता. विटाळाचा प्रश्नच तेथे नव्हता. जात ही अनादी-अनंत आहे असे सांगणाऱ्यांनी मानमोडीचा डोंगर एकदा चढून यावे.

आणि त्याच वाटेवर नाणेघाट आहे. तेथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गायींची, हजारो कार्षापणांची यादी आहे. एका बाजूला राजाचे यज्ञ आणि पुरोहिताची दक्षिणा, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचे, व्यापाऱ्याचे, बांबू विणणाऱ्याचे देयधम्म. देयधम्म म्हणजे धम्मदान. जुन्नरच्या लेखांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. घाटापासून गावापर्यंतच्या तीसेक किलोमीटरांत प्राचीन भारताचे दोन प्रवाह समोरासमोर उभे आहेत. पाठ्यपुस्तकात नाणेघाट असतो. बुरुडांची श्रेणी नसते.

मग हा इतिहास पुसला कसा गेला? जपणारा समाजच राहिला नाही म्हणून. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या चर्चचे भग्न अवशेष उभे आहेत. छप्परे गेली, भिंतींवर झाडे उगवली. पण ती चर्चे पांडवांनी एका रात्रीत बांधली असे कोणी म्हणत नाही. कारण वसईचा ख्रिस्ती समाज तेथे नांदतो आहे आणि संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला आजही त्या किल्ल्यात जमतो. पडक्या चर्चला वारस आहे. बौद्ध लेण्यांना मात्र मधली हजारेक वर्षे वारस उरला नाही. म्हणून महाराष्ट्रभर कुठे पांडव आले, कुठे देवी आली, कुठे गणपती आला. मोकळ्या घरात कोणीतरी शिरणारच.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ते वारस परत आले. त्याच्या आधी, २५ डिसेंबर १९५४ ला, याच पुणे जिल्ह्यात देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. दगडातला बुद्ध आणि माणसातला बुद्ध यांची गाठ घालून देण्याचे काम त्यांनी केले. ते पुढे नेण्याची जबाबदारी आता आपली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पायऱ्या चढून येणारी म्हातारी, खांद्यावर लेकरू घेतलेला बाप, हे आपले शत्रू नव्हेत. त्यातले बहुतेक शेतकरी, कारागीर, कष्टकरी बहुजन आहेत. ज्या माळ्याने, कासाराने, बुरुडाने, धान्यव्यापाऱ्याने ही लेणी उभारण्यास हातभार लावला त्यांचेच ते आजचे भाऊबंद आहेत. त्यांच्याशी भांडण करणे म्हणजे स्वतःच्या घराशी भांडणे. आमचे भांडण आहे ते लपवाछपवीशी. एका आजींना आम्ही चैत्यगृहाच्या लेखाचा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "बाबा, हे कोणी आधी सांगितलंच नाही." यात सगळे आले.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्या बाजूचा आहे. राज्यघटनेचे कलम ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते आणि कलम ५१ (क) आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचे मूलभूत कर्तव्य प्रत्येक नागरिकाला सांगते. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला शिक्षा ठरवतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. त्याच दुरुस्तीने स्मारकाभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र बांधकामाला निषिद्ध केले. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. नवे बांधकाम कोणत्या परवानगीने झाले, फलकावरचा मजकूर कोणी ठरवला, शिलालेखांच्या जपणुकीवर काय खर्च झाला, हे दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. किती जणांनी विचारले?

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक लेण्यासमोर तेथील शिलालेखाचा मूळ पाठ आणि मराठी अर्थ मोठ्या अक्षरात लावावा. लेण्याला विहार असेल तर विहार म्हणावे, चैत्यगृह असेल तर चैत्यगृह म्हणावे. लेखांवर रंग, शेंदूर, तेल लागणार नाही याची काळजी घ्यावी. आणि जुन्नर तालुक्यातल्या शाळांनी वर्षातून एक सहल या डोंगरांत न्यावी. शिवनेरीवर जाणाऱ्या मुलाने शिवरायांचा जन्म जिथे झाला ती जागा जरूर पाहावी आणि त्याच किल्ल्याच्या कड्यातला भोजनमंडपही पाहावा. दोन्ही त्याचाच वारसा आहे.

पण सगळे सरकारवर सोडून चालणार नाही. कोर्टात रोज उभे राहणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. सातबारा हा मालकी हक्काचा अंतिम पुरावा नव्हे. नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची अशी प्रकरणे आपल्या गावोगाव आहेत. जमीन ज्याच्या नावावर आहे तो फिरकला नाही, तर काही वर्षांनी बांधावरची माणसेही त्याला ओळखत नाहीत. जुन्नरच्या डोंगरात नावे आपल्या परंपरेची आहेत, वहिवाट नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखोंनी जाणारा आपला समाज तेथून पुढे जुन्नरला का येत नाही? वर्षावासात एखाद्या विहाराने, एखाद्या महिला मंडळाने एक बस काढावी. सोबत ब्राह्मी वाचणारा एक तरुण असावा. नसेल तर तयार करावा. ब्राह्मीची मुळाक्षरे शिकायला फार दिवस लागत नाहीत. पेटीतली मेणबत्ती पेटवून, त्रिसरण-पंचशील म्हणून लगेच खाली उतरू नये. लेख वाचावा, लिहून घ्यावा, मुलांकडून म्हणवून घ्यावा. मेणबत्तीही लेण्याबाहेर, भिंतीपासून दूर लावावी, काजळी दगडाला चालत नाही.

सुलसदत्त, चित, इरिल, अडुथुम आणि नाव न कोरलेले ते बांबू विणणारे, ही माणसे दोन हजार वर्षे दगडात थांबली आहेत. त्यांनी आपले काम चोख केले, नोंद करून ठेवली. आता वहिवाट सुरू करणे आपल्या हातात आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!