कंपायलरास आधीं विचारावें

सी भाषेंतील प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेंत उतरविणाऱ्या दुभाष्यास कंपायलर म्हणतात. हा दुभाषी एकच नव्हे. जीसीसी, क्लँग, मायक्रोसॉफ्टचा असे पुष्कळ आहेत, आणि भाषेच्या नियमांत नसलेलीं कांहीं तयार कामें प्रत्येकाच्या पदरीं निराळीं असतात. त्यांस बिल्टिन फंक्शन म्हणतात. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. उदय खेडकर यांनीं जीसीसीच्या अंतरंगाचें अध्यापन केलें आहे.

उदाहरण हजेरीपटाचें घेऊं. हजर दिवसास १ व गैरहजर दिवसास ० मांडिलें, म्हणजे विद्यार्थ्याचा ३१ दिवसांचा महिना ३२ बिटांच्या एका संख्येंत मावतो. त्यांतील एक किती हें मोजिलें कीं हजेरी निघाली. जीसीसीपाशीं याकरितां 'पॉपकाउंट' नांवाचें बिल्टिन आहे. परंतु शाळेंत चाललेला हा प्रोग्रॅम बीडला शिकणाऱ्या थोरल्या भावाच्या यंत्रावर नेला, आणि तेथें १९८७ सालीं निघालेलें व आपल्या महाविद्यालयांतून पुढें कित्येक वर्षें शिकविलें गेलेलें टर्बो सी असलें, तर तें हें नांव ओळखीत नाहीं. (शिवाय त्याचा साधा पूर्णांक १६ च बिटांचा!) दोष आपलाच समजून मुलगा बिचारा डोकें धरून बसतो.

पूर्वीं कंपायलरची आवृत्ति पाहून अंदाज करीत. ही साक्ष कच्ची. याकोब एसावाचीं वस्त्रें लेवून बापापुढें गेला, तसा क्लँग आपणांस जीसीसी ४.२ म्हणवितो. म्हणून बिल्टिनचेंच नांव घेऊन विचारणारा 'हॅज बिल्टिन' हा प्रश्न क्लँगनें आणिला. जीसीसीनें तो दहाव्या आवृत्तींत, २०२० सालीं, स्वीकारिला. मात्र 'हा प्रश्न तुला ठाऊक आहे काय?' हें आधीं विचारावें, आणि होकार मिळाल्यावरच, वेगळ्या ओळींत, आंतल्या 'इफ'मध्यें, मूळ प्रश्न घालावा. दोन्ही एका ओळींत जोडल्यास डावीकडे नकार येऊनही जुना कंपायलर उजवीकडील रचना वाचतोच, आणि कंसाशीं अडखळतो. जुन्या जीसीसीपुरती आवृत्तीच पाहावी लागते, पॉपकाउंट ३.४ पासून आहे.

नकार आल्यास हातानें मोजावें. संख्येंतून १ वजा करून मूळ संख्येशीं बिटागणिक 'अँड' केलें कीं सर्वांत उजवा १ गळतो. १२ म्हणजे ११००, ११ म्हणजे १०११. दोहोंचें 'अँड' १०००. पुन्हां तेंच केलें कीं शून्य. फेऱ्या दोन, म्हणून हजेरी दोन दिवसांची.

होकार मिळाला तरी कंपायलरास नांव ठाऊक आहे, एवढेंच कळतें. प्रोसेसरमध्यें ती सूचना असेलच असें नाहीं. विशेष आज्ञा दिल्याविना साधारण ६४ बिटांच्या इंटेल यंत्राकरितां जीसीसी ती वापरीत नाहीं, आपल्या संग्रहांतील फंक्शनास बोलावितो.