आजोबांचं ओमेगा आणि मुंबई स्पेशल



‘मुंबई स्पेशल’ म्हटलं की तुम्हाआम्हाला सँडविच नाहीतर भेळ आठवेल. जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये मात्र ही चक्क शिवी आहे! जुनं स्विस घड्याळ घ्यायचं, मूळ तबकडी खरवडून वर नवा रंग मारायचा, कंपनीचं नाव नव्याने छापायचं आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला विकायचं... तो हा माल. ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे जरा झोंबतंच. त्यात गेल्या वर्षी कळलं, की असं एक आमच्या घरातच आहे.

आमचे आजोबा बोटीवर इंजिनियर होते. एडन तेव्हा करमुक्त बंदर. तिथून १९६३ साली त्यांनी ओमेगा कॉन्स्टेलेशन आणलं. काळी, उपड्या परातीसारखी कडेला उतरती तबकडी. मागच्या झाकणावर वेधशाळा आणि आठ तारे. आत ५५१ नंबरचं मशीन, २४ ज्वेल्स, तासाला १९,८०० ठोके, मनगट हलेल तशी आपोआप चावी बसते. साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो (दोनाचा पंधरावा घात, आपल्यातल्या बहुतेकांना सांगायला नको). सेइकोने डिसेंबर १९६९ मध्ये पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि अचूकपणाची शर्यत तिथेच संपली. म्हणजे आज जुन्या मेकॅनिकल घड्याळासाठी पैसे मोजणारा वेळ बघण्यासाठी मोजत नाही. त्याला वस्तू कारखान्यातून निघाली तशीच, कुणी हात न लावलेली हवी असते. आणि सगळ्यात जास्त किंमत असते तबकडीला. मशीनचे भाग बदलता येतात, तबकडीवरचा काळ परत छापता येत नाही.

गंमत अशी, की काही काळ्या तबकड्या उन्हाने आणि वयाने तपकिरी पडतात. खरं तर हा रंगाचा दोष. पण दोन तबकड्या कधी सारख्या उतरत नाहीत, म्हणून ‘ट्रॉपिकल’ असं गोंडस नाव देऊन लोक त्यासाठी वेड्यासारखे पैसे देतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात असं तपकिरी पडलेलं एक १९५७ सालचं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारी खुद्द ओमेगा, आपल्या म्युझियमसाठी! २०२३ मध्ये उघड झालं की ते ठिकठिकाणचे सुटे भाग जोडून बनवलेलं होतं, आणि यात आपलेच माजी कर्मचारी सामील होते असं कंपनीनेच सांगितलं. जिथे कंपनीच फसते, तिथे आपण कोण?

तर आमचं घड्याळ. माझ्या लग्नात बाबांनी ते माझ्या हातात बांधलं तेव्हा तबकडी काळीभोर, चकाचक होती. गेल्या वर्षी सर्व्हिसिंगसाठी इथे न्यू जर्सीत एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि ते मला दिलं. मिनिटांच्या रेघा काट्यांच्या खुणांशी जुळत नव्हत्या, अक्षरं जाडी आणि फुगीर, ‘स्विस मेड’ तर एका बाजूला कललेलं. मशीन मात्र अस्सल, नंबरही साठीच्या सुरुवातीचा.

आणि मग आठवलं. लहानपणी रत्नागिरीला ओटीवर आजोबांच्या मांडीवर बसून मी ते घड्याळ कानाला लावायचो. तेव्हा तबकडी चॉकलेटी होती.

बाबांना फोन केला. “अरे, पार विटली होती ती! लग्नात असलं मळकट घड्याळ घालणार होतास का? दादरला एकाकडे दिलं, महिनाभर चकरा मारल्या. चांगलं केलंय ना त्याने?”

“मस्त केलंय बाबा.” दुसरं काय बोलणार?

तेव्हा मंडळी, घरी कपाटात कुणाचं जुनं घड्याळ असेल तर आजच फोन करून सांगा. तेलपाणी जरूर करा, पण तबकडीला हात नाही, केसला पॉलिश नाही. आणि घड्याळजीकडे टाकायच्या आधी फोटो काढून ठेवा.

घड्याळजी म्हणतो, मूळ तबकडी शोधली तर मिळेल. दोनदा सापडलीसुद्धा, एक तर अगदी चॉकलेटी. पण ती दुसऱ्याच कुणाच्या आजोबांची असणार, आणि बाबा मे महिन्यात इकडे येतायत. अजून काही ठरवलेलं नाही.