समाजमाध्यम प्रभावकांच्या राजकीय कलाचे मूल्यमापन

समाजमाध्यम प्रभावकांच्या राजकीय कलाचे मूल्यमापन म्हणजे यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक, एक्स, टिकटॉक यांसारख्या माध्यमांवर मोठा प्रेक्षकवर्ग असलेल्या व्यक्तींचा एखाद्या पक्षाकडे, विचारसरणीकडे किंवा धोरणाकडे असलेला झुकाव त्यांच्या जाहीर मजकुराच्या आधारे ठरवण्याची प्रक्रिया होय. अशा व्यक्तींना मराठीत प्रभावक, आशयनिर्माते किंवा सरळ इन्फ्लुएन्सर असे म्हटले जाते. राज्यशास्त्र, संज्ञापनशास्त्र आणि संगणकशास्त्र या शाखांमध्ये या विषयाचा अभ्यास होतो. मूल्यमापन न्याय्य ठरण्यासाठी तीन अटी महत्त्वाच्या आहेत. ते व्यक्तीच्या मनातील विचारांविषयी नसून तिच्या जाहीर मजकुराविषयी असावे, ते ठरावीक कालखंडापुरते असावे आणि सर्व बाजूंना एकच कसोटी लावलेली असावी.

पार्श्वभूमी

वृत्तपत्राची भूमिका त्याच्या अग्रलेखातून उघड होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'केसरी' आणि 'सुधारक' या पत्रांमधील मतभेद वाचकांना ठाऊक होते, कारण ती मते संपादकीय स्वरूपात छापली जात. प्रभावकाच्या बाबतीत असा स्वतंत्र अग्रलेख नसतो. बातमी, मत, विनोद, मुलाखत आणि जाहिरात एकाच चॅनलवर, अनेकदा एकाच चित्रफितीत एकत्र येतात. त्यामुळे त्याचा कल ठरवणे अधिक कठीण होते.

प्रभावकांकडून बातम्या मिळवणाऱ्यांची संख्या लक्षणीय असल्याने हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तेथील २१ टक्के प्रौढ व्यक्ती नियमितपणे वृत्त प्रभावकांकडून बातम्या मिळवतात. ३० वर्षांखालील प्रौढांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के आहे. याच अहवालासाठी तपासलेल्या ५०० वृत्त प्रभावकांपैकी ७७ टक्के जणांचा कोणत्याही वृत्तसंस्थेशी आजी किंवा माजी संबंध आढळला नाही.

राजकीय कलाची संकल्पना

'कल' या शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते: पक्षनिष्ठा, विचारसरणी, एखाद्या मुद्द्यावरील भूमिका आणि सत्ताधाऱ्यांविषयीची टीकात्मक वृत्ती. यांपैकी एक सिद्ध झाली म्हणून उरलेल्या आपोआप सिद्ध होत नाहीत.

मे २०१९ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीपूर्वी जर्मनीतील रेझो या यूट्यूबरने त्या वेळच्या सत्ताधारी सीडीयू पक्षावर कठोर टीका करणारी सुमारे तासाभराची चित्रफीत प्रसिद्ध केली. हवामानबदलाविषयीचे धोरण हा तिचा एक मुख्य विषय होता. त्याच चित्रफितीत एसपीडी आणि एएफडी या परस्परविरोधी पक्षांवरही टीका होती. पर्यावरणाच्या मुद्द्यावरील स्पष्ट भूमिका एवढाच निष्कर्ष त्यातून थेट निघतो. विशिष्ट पक्षाशी बांधिलकी असल्याचे म्हणण्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

मूल्यमापनाच्या पद्धती

स्वघोषणा

प्रभावकाने स्वतः जाहीर केलेली ओळख हा सर्वांत कमी वादग्रस्त पुरावा मानला जातो. प्यूच्या अभ्यासात हाच मार्ग मुख्यतः अवलंबण्यात आला. ५०० पैकी २७ टक्के प्रभावकांनी स्वतःला रिपब्लिकन, पुराणमतवादी किंवा ट्रम्पसमर्थक म्हणवून घेतले होते, तर २१ टक्क्यांनी डेमोक्रॅट, उदारमतवादी किंवा हॅरिससमर्थक. सुमारे निम्म्या प्रभावकांनी स्पष्ट राजकीय ओळख दिलेली नव्हती.

हे निम्मे प्रभावक तटस्थ आहेत असा अर्थ काढणे चूक ठरते. 'कल जाहीर केलेला नाही', 'कल आढळला नाही' आणि 'कल नाही' ही तीन वेगळी विधाने आहेत. तसेच दोन बाजूंची संख्या असमान निघाली म्हणजे अभ्यास पक्षपाती आहे, असेही ठरत नाही. निष्पक्षता कसोटीत पाहायची असते. निकालात दोन्ही पारडी समान येणे ही तिची अट नव्हे.

आशयविश्लेषण

या पद्धतीत ठरावीक काळातील मजकुराचा नमुना निवडून तो पूर्वनिश्चित निकषांनुसार तपासला जातो. केवळ गाजलेल्या किंवा वादग्रस्त चित्रफिती निवडल्यास निष्कर्ष फसवा ठरतो, कारण त्या गाजण्यामागे अनेकदा त्यांची टोकाची भाषाच असते. म्हणून यादृच्छिक नमुना घेणे आणि निवडणुकीच्या काळाबरोबरच इतर काळही तपासणे इष्ट मानले जाते.

मजकूर दोन किंवा अधिक तपासनीस स्वतंत्रपणे वाचतात व त्यांच्यातील एकमत मोजले जाते. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'काप्पा' हा गुणांक त्यासाठी वापरला जातो. योगायोगाने होणारे एकमत तो वजा करतो. उदाहरणार्थ, १०० चित्रफितींपैकी दोन्ही तपासनिसांनी प्रत्येकी ८० चित्रफिती 'कल नसलेल्या' ठरवल्या आणि एकूण ८४ चित्रफितींबाबत त्यांचे एकमत झाले, असे मानू. हे एकमत मोठे वाटते. परंतु त्यांनी न पाहता शेरे दिले असते, तरी सरासरी ६८ ठिकाणी त्यांचे जुळले असते. त्यामुळे काप्पा केवळ ०.५ येतो.

अनुयायी-जाळ्याचे विश्लेषण

राज्यशास्त्रज्ञ पाब्लो बार्बेरा यांनी २०१५ मध्ये ट्विटरवरील (सध्याचे एक्स) फॉलो करण्याच्या संबंधांवरून राजकीय स्थान अनुमानित करणारी संख्याशास्त्रीय पद्धत मांडली. लोक साधारणपणे आपल्या मताच्या जवळ असणाऱ्यांना फॉलो करतात, हे तिचे गृहीतक आहे. मोठ्या समूहांसाठी ती उपयुक्त ठरते. एकट्या व्यक्तीविषयी मात्र सावधगिरी लागते, कारण पत्रकार, विरोधक आणि केवळ करमणुकीसाठी आलेले प्रेक्षकही फॉलोअरच असतात. प्रेक्षक कोण आहेत यावरून वक्त्याचे मत पूर्णपणे ठरत नाही.

स्वयंचलित वर्गीकरण

राविव कोहेन आणि डेरेक रूथ्स यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, ट्विटर वापरकर्त्यांचा कल ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखल्याचे पूर्वीचे दावे प्रामुख्याने राजकारणी किंवा राजकारणात अतिशय सक्रिय व्यक्तींवरील चाचण्यांवर आधारलेले होते. सर्वसाधारण वापरकर्त्यांवर त्याच पद्धती वापरल्यावर अचूकता सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत घसरली. स्वयंपाक, शेती, क्रिकेट किंवा विनोद हा मुख्य विषय असणाऱ्या प्रभावकांना हा इशारा विशेष लागू पडतो.

मूल्यमापकाचा पूर्वग्रह

मूल्यमापन करणाऱ्याची स्वतःची मते निष्कर्षात मिसळण्याचा धोका असतो. व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना १९८२ च्या बैरूत हत्याकांडाविषयीची एकच वृत्तचित्रे दाखवण्यात आली. ती आपल्या बाजूच्या विरोधात झुकलेली आहेत, असे दोन्ही गटांना वाटले. या प्रवृत्तीला 'शत्रुभावी माध्यम परिणाम' म्हणतात. एखाद्या प्रभावकावर दोन्ही बाजूंकडून टीका होते म्हणून तो निष्पक्ष ठरत नाही, आणि तो आपल्याला खटकतो म्हणून पक्षपातीही ठरत नाही.

यावरील एक उपाय म्हणजे अदलाबदलीची कसोटी. मुद्दा तोच ठेवून सत्ताधारी बदलला, तर प्रभावकाची भूमिका बदलते का, हे तीत पाहिले जाते. कांद्याच्या निर्यातीवर डिसेंबर २०१० मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या केंद्र सरकारने बंदी घातली होती. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या शेतीविषयक चॅनलने या दोन्ही निर्णयांना सारख्याच कारणांसाठी शेतकरीविरोधी म्हटले असेल, तर त्याचा कल उत्पादकाच्या हिताकडे आहे, असे म्हणता येते. त्याने एका बंदीला अन्याय आणि दुसरीला अपरिहार्य निर्णय म्हटले असेल, तर पक्षीय कलाचा प्रश्न उपस्थित होतो. हीच कसोटी तपासनिसानेही स्वतःच्या शेऱ्यांना लावायची असते.

आर्थिक हितसंबंध

प्रभावकाला पैसे कोण देतो आणि त्याचा कल कोणता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आरटी या रशियन सरकारी वृत्तसंस्थेच्या दोन कर्मचाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले. टेनेसी राज्यातील एका कंपनीमार्फत राजकीय मजकुरासाठी सुमारे एक कोटी डॉलर पुरवल्याचा त्यात आरोप होता. वर्णनावरून ही कंपनी टेनेट मीडिया असल्याचे माध्यमांनी ओळखले. तिच्याशी करार केलेल्या भाष्यकारांवर आरोप ठेवण्यात आले नाहीत. पैशांचा उगम आपल्याला ठाऊक नव्हता, असे त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले. त्यांची मते आधीपासून जाहीर होती. त्यांचा कल अचूक नोंदवणाऱ्या अभ्यासालाही निधीचा स्रोत दिसला नसता. म्हणून कल आणि निधी यांची नोंद स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरते.

भारतीय संदर्भ

डावे-उजवे ही विभागणी भारताला जशीच्या तशी लागू होत नाही. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतीय पक्षीय राजकारणाचे दोन अक्ष मांडले आहेत: समाजजीवनात राज्यसंस्थेने किती हस्तक्षेप करावा, आणि वंचित व अल्पसंख्य गटांच्या मागण्यांना राज्यसंस्थेने किती स्थान द्यावे. भाषा, जात आणि प्रदेश यांविषयीच्या भूमिका अनेकदा पक्षरेषा ओलांडतात. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने एकमताने संमत केले. त्यामुळे या आरक्षणाला पाठिंबा देणाऱ्या प्रभावकाचा पक्ष केवळ त्या पाठिंब्यावरून सांगता येत नाही.

महाराष्ट्रात पक्षनामावर आधारलेल्या नोंदीला तारखेची जोड अनिवार्य ठरते. शिवसेना नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीत सामील झाली आणि जून २०२२ मध्ये फुटली. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात जुलै २०२३ मध्ये फूट पडली. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे नाव व चिन्ह अनुक्रमे एकनाथ शिंदे आणि अजित पवार यांच्या गटांना दिले. २०१८ मधील 'शिवसेनासमर्थक' हा शेरा आज कोणत्या गटाला लागू होतो, हे त्या शब्दावरून कळत नाही.

सरकारशी आलेला संबंधही तपासूनच वापरावा लागतो. केंद्र सरकारने ८ मार्च २०२४ रोजी राष्ट्रीय आशयनिर्माते पुरस्कार प्रदान केले. उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये शासकीय योजनांच्या प्रचारासाठी प्रभावकांना मोबदला देणारे धोरण मंजूर केले. त्यात यूट्यूबसाठी महिन्याला कमाल ८ लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. पुरस्कार स्वीकारणे हा पक्षीय कलाचा पुरावा नव्हे. मोबदल्याचा करार हा हितसंबंध असून तो प्रेक्षकांना कळणे महत्त्वाचे असते. भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ मधील आणि ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वे सशुल्क प्रसिद्धी उघड करण्यास सांगतात. मात्र त्यांचा रोख वस्तू व सेवांच्या जाहिरातींवर आहे. निवडणूक आयोगाच्या ऑक्टोबर २०१३ मधील सूचनांनुसार समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन लागते आणि त्यांचा खर्च निवडणूक खर्चात दाखवावा लागतो.

मर्यादा आणि परिणाम

'भक्त', 'फुरोगामी' यांसारखे शब्द मराठी समाजमाध्यमांवर हिणवण्यासाठी वापरले जातात. त्यांतून मोजता येण्याजोगा कल व्यक्त होत नाही. चुकीचा शिक्का बसल्यास व्यक्तीची बदनामी होऊ शकते, तिला धमक्या येऊ शकतात किंवा तिचे उत्पन्न घटू शकते. उलट, उघड कल दुर्लक्षिला गेल्यास प्रेक्षक प्रचाराला बातमी समजण्याची शक्यता असते. उपरोध, प्रादेशिक बोली आणि नंतर वगळलेला मजकूर यांमुळेही मूल्यमापनात चुका होतात.

त्यामुळे नोंद करताना व्यक्तीला विशेषण लावण्याऐवजी कालखंड, तपासलेल्या मजकुराची संख्या, निकष आणि अनिश्चितता नमूद करणे अधिक विश्वासार्ह ठरते. 'ही व्यक्ती अमुक पक्षाची आहे' या विधानाची पडताळणी वाचकाला करता येत नाही. 'या सहा महिन्यांतील तपासलेल्या ६० चित्रफितींपैकी ४१ मध्ये एका पक्षावर टीका असून त्याच मुद्द्यांवर दुसऱ्या पक्षावर टीका आढळली नाही' अशा स्वरूपाचे विधान मात्र कोणालाही तपासता येते, खोडता येते आणि नवा पुरावा मिळाल्यावर सुधारता येते. संबंधित प्रभावकाने दिलेले स्पष्टीकरण नोंदवणे आणि चूक आढळल्यास निष्कर्ष मागे घेणे हेही न्याय्य मूल्यमापनाचे भाग मानले जातात.