कानातला रातकिडा

या सदरात एरवी डॉक्टर मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही. पुण्यात एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करतो आणि शुक्रवारी रात्री एका पबमध्ये बेस गिटार वाजवतो. मूळ गाव वाई तालुक्यात, वय ५३. आरोग्याविषयी लिहिण्याचा माझा अधिकार इतकाच, की एक दुखणे मी स्वतःच्या हाताने, हौसेने आणि नियमितपणे ओढवून घेतले. ते कसे, हे वाचून एखाद्याचे तरी कान वाचले तर बरे, म्हणून हा प्रपंच.

डग्ग्याचे काम

बेस गिटार म्हणजे काय, हे पबमध्ये येणाऱ्यांनाही ठाऊक नसते. ‘तुमच्या गिटारच्या दोन तारा तुटल्यात का?’ असे मला अनेकांनी विचारले आहे. या वाद्याला मुळात चारच तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, म्हणजे आवाज इतका खर्जातला की तो कानापेक्षा छातीत अधिक जाणवतो. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली हे वाद्य बाजारात आणले आणि उभ्या, माणसाएवढ्या डबल बेसचे काम गळ्यात अडकवता येऊ लागले. तबल्यात डग्ग्याचे जे काम, ते गाण्यात आमचे. वाजत असताना कुणाचे लक्ष नसते; थांबला की गाणे पोकळ होते.

आमच्या बँडमध्ये पाच जण आहेत. गायिका शाळेत शिकवते, ड्रमवाला मोटारींचे सुटे भाग विकतो, कीबोर्डवाला दंतवैद्य आहे, गिटारवाला संगणक कंपनीत आहे. एकालाही यावर पोट भरायचे नाही, आणि भरणारही नाही. मिळालेले मानधन पाच जणांत वाटून, पेट्रोल आणि तारांचा खर्च वजा केला की हिशेब जेमतेम जुळतो. हे मी हिशेबनीस म्हणून सांगतो.

शुक्रवारचा दिवस असा जातो. सहाला कचेरीतून सुटायचे, घरी येऊन वाद्य उचलायचे, सातला पबच्या जिन्यावरून स्पीकरचे खोके वर चढवायचे. आठपर्यंत आवाजाची जुळवाजुळव. नऊला सुरुवात. पाऊण तासाचे तीन भाग. राहुलदेव बर्मन यांची गाणी लागली की तरुण पोरे नाचतात आणि माझ्या वयाचे लोक नुसते डोळे मिटून बसतात. रात्री बाराला सामान आवरून घरी यायला एक वाजतो. शनिवारी सकाळी बायको विचारते, ‘अहो, कशासाठी एवढी दगदग?’ याला माझ्याकडे पटेल असे उत्तर नाही. आठवड्याचे पाच दिवस आकड्यांत घालवलेला माणूस शुक्रवारी पाच जणांच्या एका तालात मिसळतो, तेव्हा त्याला जे वाटते ते सांगता येत नाही.

या हौसेची बारीकसारीक दुखणी पुष्कळ. वाद्याचे वजन चार किलोंच्या वर, ते सव्वादोन तास एका खांद्यावर. अरुंद पट्ट्याऐवजी तीन इंच रुंद पट्टा घेतला तेव्हा खांदा सुधारला. ऐटीसाठी गिटार मांडीपर्यंत खाली लोंबकळत ठेवायचो, त्याने डावे मनगट वाकून दुखायचे. पट्टा आखडून वाद्य पोटावर घेतले आणि मनगट सरळ झाले. मध्यरात्री जेवल्याने पित्त खवळायचे. आता निघण्यापूर्वीच भाजी-भाकरी खातो आणि पबमध्ये लिंबूपाण्यावर राहतो, कारण परतताना दुचाकी मलाच चालवायची असते. ही सारी दुखणी बोलकी होती. दुखले, म्हणून इलाज केला. खरे दुखणे मुके होते.

रातकिडे गेले कुठे?

दोन वर्षांपूर्वी रात्री घरात मला एक रातकिडा ऐकू येऊ लागला. बारीक, एकसुरी, न थांबणारा आवाज. कपाट सरकवून पाहिले, गॅलरीतल्या कुंड्या हलवल्या. बायको म्हणाली, ‘मला तर काहीच ऐकू येत नाही.’ मी तिच्याच कानांवर शंका घेतली!

त्याच भाद्रपदात गौरी-गणपतीला गावी गेलो. जेवणे झाल्यावर ओसरीवर बसलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. मी सहज म्हणालो, ‘दादा, यंदा रातकिडे कमी झाले वाटतं. औषधफवारणीचा परिणाम असेल.’ दादाने माझ्याकडे पाहिले. ‘कमी? अरे, कालपासून डोळ्याला डोळा लागू देत नाहीत.’ आईनेही मान हलवली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला ते ऐकू येत होते. मला येत नव्हते. गावचे रातकिडे गेले होते आणि पुण्याचा तो एक मात्र माझ्याबरोबर गावी आला होता.

मग मागच्या गोष्टी एकेक आठवू लागल्या. आईने साखर मागितली, मी भाकरी आणून दिली आणि सगळे हसले होते. फोन मी कधीपासून डाव्याच कानाला लावत होतो. हॉटेलच्या गोंगाटात समोरच्याचे बोलणे ऐकू यायचे, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ हे वर्ण गळून पडायचे.

पायवाटेचा दाखला

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आवाजबंद खोलीत बसवून तपासणी करवली. कानाला यंत्र लावायचे, बारीकसा आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. वेदना नाही, सुई नाही, अर्ध्या तासात काम. कागदावर आलेख निघाला. रेषा बरीचशी सरळ चालत होती आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत उतरावे तशी खाली गेली होती. उजव्या कानाची विहीर अधिक खोल. रातकिड्यांचे किरकिरणे साधारण याच सुमाराच्या सुरात असते.

‘कारखान्यात काम करता का?’ डॉक्टरांनी विचारले.

‘नाही. हिशेब लिहितो.’

‘मग ढोलपथकात आहात?’

मी बेस गिटारचे सांगितले. ‘ड्रम तुमच्या कोणत्या बाजूला असतात?’ मी हवेत गिटार धरून उभा राहिलो आणि मला उमगले. उजव्या. ड्रमवाल्याच्या डाव्या हाताला, पायाने उघडझाप होणाऱ्या जोडझांजांना खेटून माझी जागा. तालाला ताल मिळावा म्हणून बेसवाला तिथेच उभा राहतो. तीस वर्षे त्या झांजा माझ्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर वाजत होत्या.

डॉक्टरांनी मग सोप्या भाषेत सांगितले. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते. जन्मतः तिच्यात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे सूक्ष्म केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. गवतावरून एकदा चालले तर ते वाकते आणि सकाळी पुन्हा उभे राहते. रोज चालले तर तिथे पायवाट पडते. पायवाटेवर गवत उगवत नाही. माणसाच्या या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत आणि त्या परत आणणारे औषध आजही हाती नाही. आवाज कोणताही असो, त्याची पहिली खूण बहुधा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात उमटते.

कार्यक्रमानंतर कानाला दडे बसायचे आणि सकाळी मोकळे व्हायचे. त्याला मी कान ठणठणीत असल्याचा पुरावा समजत होतो. खरे तर ते गवत दर आठवड्याला तुडवले जात होते. केसपेशी मरतात तेव्हा दुखत नाही, हाच या दुखण्याचा कावा. मेंदूला येणारे संदेश कमी झाले की तो स्वतःच एक आवाज तयार करतो, असे मानले जाते. त्यालाच कर्णनाद म्हणतात. माझा रातकिडा तो हाच.

पंधरा मिनिटांचा हिशेब

यापुढचा भाग माझ्या धंद्यातला. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटे.

मोबाईलमधल्या मापकाने मी माझ्या जागेवरचा आवाज मोजला. असे मापक अंदाजच देते, पण आकडा १०० च्या आसपास होता. म्हणजे तिसरे-चौथे गाणे संपते तोवर माझा दिवसाचा कोटा संपत होता. पाच दिवसांचा कोटा एकदम धरला तरी ७५ मिनिटे होतात. आम्ही एका रात्रीत १३५ मिनिटे वाजवत होतो, शिवाय बुधवारची तालीम वेगळी. खर्च उत्पन्नाच्या दुप्पट असेल तर कोणता धंदा टिकतो?

यात मी एकटा नाही. सॅनफ्रान्सिस्कोच्या एका बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या कॅथी पेक यांना १९८४ सालच्या एका मोठ्या कार्यक्रमानंतर कर्णनाद सुरू झाला. त्यांनी १९८८ मध्ये संगीतकारांच्या श्रवणरक्षणासाठी संस्था काढली. ‘द हू’ या बँडचे पीट टाउनशेंड यांनी स्वतःच्या कर्णनादाविषयी उघडपणे बोलून त्या कामाला पाठबळ दिले. अभिजात संगीतही यातून सुटलेले नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधील व्हायोलावादक क्रिस्तोफर गोल्डशायडर यांच्या कानाला २०१२ सालच्या तालमीत, मागे बसलेल्या पितळी वाद्यांमुळे इजा झाली. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी मानक जाहीर केले. आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, श्रोत्यांना कानातले बोळे मिळावेत आणि शांत बसायला वेगळी जागा असावी, असे ते सांगते.

बँडमधला वाद

‘वाजवणे सोडू का?’ असे मी डॉक्टरांना विचारले. विचारताना घसा दाटला, हे कबूल करतो. ते म्हणाले, ‘गेलेले परत येणार नाही. उरलेले सांभाळाल तर वाजवा. नाही तर सोडा.’

मी बँडपुढे गोष्ट काढली. ड्रमवाला भडकला. ‘आवाज कमी म्हणजे जोश कमी. लोक ऐकायला येतात की झोपायला?’ दोन आठवडे आम्ही नीट बोललो नाही. पण हळूहळू बदल केले. माझा स्पीकर जमिनीवर असायचा, त्यामुळे आवाज गुडघ्यांना लागायचा आणि मला ऐकू येत नाही म्हणून मी तो वाढवायचो. मग गिटारवाला वाढवायचा, मग झांजा जोरात. आता स्पीकर उंच स्टुलावर, कानाच्या दिशेने कलता ठेवतो आणि निम्म्या आवाजात भागते. झांजांपासून चार पावले दूर उभा राहतो. संगीतकारांसाठीचे, सगळे सूर सारखेच कमी करणारे बोळे घालतो. त्यांनी १५ डेसिबल कमी होतात. म्हणजे १०० चे ८५. पहिले दोन कार्यक्रम घागरीत डोके घालून वाजवल्यासारखे वाटले. तिसऱ्यापासून गायिकेचा सूर पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ लागला.

एका रात्री सामान आवरताना ड्रमवाल्याने मला जिन्यात थांबवले. म्हणाला, ‘मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही टीव्ही फार मोठा लावता. ते बोळे मिळतात कुठे?’

एवढे करा

वाचकहो, तुम्ही पबमध्ये जात नसाल. पण आपल्या जिल्ह्यात ढोल-ताशा आहे, बँजो पार्टी आहे, मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आहे. पिठाची गिरणी चालवणारे आहेत. आवाज भक्तीचा, पोटापाण्याचा की पबचा, हे कानाला कळत नाही. त्याला फक्त किती मोठा आणि किती वेळ, एवढेच कळते. म्हणून:

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक समजा. स्पीकरपासून दूर व्हा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. लहान मुलांना खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीपुढे उभे राहू नका.

कापसाच्या बोळ्याने फारसे काही साधत नाही. औषधांच्या दुकानात स्पंजचे बोळे स्वस्तात मिळतात. ते बोटांत वळून बारीक करावेत, कान वर-मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत बोटाने धरावेत.

दर तासाला दहा-पंधरा मिनिटे शांत जागी काढा. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा श्रवणतपासणी करून घ्यावी.

एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. त्यावर लवकर उपचार झाले तर उपयोग होण्याची शक्यता अधिक असते.

कर्णनाद असेल तर अगदी शांत खोलीत झोपू नये. पंख्याच्या मंद आवाजाने तो मागे पडतो. माझा रातकिडा अजून आहे. दोघांनी एका घरात राहायचे ठरवले आहे, इतकेच.

गेल्या भाद्रपदात पुन्हा ओसरीवर बसलो होतो. आई म्हणाली, ‘ऐक, किती ओरडतायत.’ मी डावा कान अंगणाकडे केला. अगदी दूर, अगदी बारीक, काहीतरी होते. बाहेरचे की माझ्या आतले, हे मला सांगता आले नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये. आज रात्री दिवे मालवल्यावर क्षणभर थांबा आणि ऐका. रातकिडे ऐकू येत असतील, तर ती मोठी दौलत आहे.