धरणाकाठची चुकामूक

रविवारी सायंकाळी सिंहगडाहून उतरणाऱ्या आणि पुण्याहून येणाऱ्या वाहनांची गर्दी खडकवासल्याच्या चौपाटीवर एकवटते आणि कणसाला लिंबू-तिखट चोळून घेण्यात आईबाप गुंततात, तेव्हा मूल दृष्टीआड होण्यास निमिषमात्र पुरते. येथे तर पाणीही हाकेच्या अंतरावर. अशा प्रसंगी चोवीस तास थांबावे ही समजूत निखालस खोटी असून, सर्वोच्च न्यायालयाच्या १० मे २०१३ च्या आदेशान्वये बेपत्ता बालकाची फिर्याद अपहरणाचा गुन्हा गृहीत धरून नोंदविणे पोलीस ठाण्यावर बंधनकारक आहे; शिवाय १०९८ हा बालकांसाठीचा विनाशुल्क दूरध्वनी अहोरात्र चालू असतो.

परंतु मुलांना आपण शिकवितो काय? ‘जेवला नाहीस तर पोलीस नेईल’ असा धाक घातलेले मूल, चुकल्यावर नेमके खाकी गणवेशापासूनच दूर पळते. त्यापेक्षा, चुकताच आहे तेथेच थांबावे, मुले बरोबर असलेल्या एखाद्या बाईंना सांगावे, आणि नको असलेला स्पर्श नात्यातल्या माणसाने केला तरी तो घरी निःसंकोच सांगावा, हे वारंवार वदवून घ्यावे. दूरध्वनी क्रमांकाबरोबर पालकांची पूर्ण नावेही पाठ हवीत. एरवी ‘आईचे नाव काय?’ या हवालदाराच्या प्रश्नाला ‘आई’ एवढेच उत्तर मिळते.